पान संपते, अध्याय संपत नाही

छायाचित्रे व्यवस्थित उघडत होती, म्हणून कित्येक दिवस कोणाच्या लक्षातच आले नाही. पाठवलेल्या फाइलपेक्षा आमच्या सर्व्हरवर उतरलेली फाइल दोन बाइटांनी मोठी असायची. एके दिवशी कागदपत्रे पाठवणाऱ्याने काढलेला चेकसम आणि आमचा चेकसम जुळेना, तेव्हा मी शोध घ्यायला बसले. चूक मीच लिहिलेल्या वीस ओळींत सापडली. मल्टिपार्ट मजकूर भागाभागाने कसा वाचायचा, हे मी तेव्हा प्रथमच नीट शिकले.

एखाद्या अर्जात आपण नाव लिहितो, फोटो जोडतो, दाखला जोडतो आणि बटण दाबतो. ब्राउझर हे सगळे एकाच लांबलचक मजकुरात गुंफून पाठवतो, हाच मल्टिपार्ट मजकूर. दोन भागांच्या मध्ये एक खुणेची ओळ असते. तिला बाउंडरी म्हणतात. ओळीच्या सुरुवातीला दोन आडव्या रेघा आणि पुढे आतल्या मजकुरात सहसा येणार नाही अशी अक्षरांची माळ. शेवटच्या खुणेनंतर आणखी दोन रेघा आल्या, की सगळे संपले. नियम असा, की खुणेच्या आधी येणारा ओळबदल हा खुणेचा भाग असतो, फाइलचा नाही. ओळबदल दोन बाइटांचा. माझे दोन बाइट तेच होते.

ही रचना ईमेलसाठी जन्मली. नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ साली माइम हे मानक मांडले. त्याच वर्षी ११ मार्चला बोरेनस्टीन यांनी आपल्या गायक चौकडीचे छायाचित्र आणि गाणे ईमेलला जोडून पाठवले. त्याआधी ईमेल १२८ चिन्हांच्या आस्कीत अडकलेला होता, देवनागरीला त्यात जागाच नव्हती. आज यूटीएफ-८ मध्ये 'म' लिहायला तीन बाइट लागतात आणि बेस-६४ ही सांकेतिक पद्धत तीन बाइटांची चार साधी आस्की चिन्हे करते. म्हणजे आपले प्रत्येक देवनागरी चिन्ह त्या जुन्या वाटेने बरोबर चार चिन्हे होऊन जाऊ शकते. मला हा हिशेब फार आवडतो. वेबवरच्या अर्जांनी भाग आणि खुणांची हीच पद्धत १९९५ मध्ये उचलली.

खरी अडचण वेगळीच आहे. अर्जातल्या एखाद्या भागाची लांबी किती, हे सहसा कोणी सांगत नाही. संपूर्ण मजकुराची लांबी कळते, पण फोटो कुठे संपला हे पुढची खूण दिसल्यावरच समजते. त्यातून मजकूर जाळ्यावरून एकदम येत नाही, तुकड्यातुकड्यांनी येतो, आणि तुकडा कुठे तुटावा याला काहीच धरबंध नसतो. खुणेची पहिली दहा अक्षरे या तुकड्यात, उरलेली पुढच्यात. हस्तलिखित पोथ्या हाताळणाऱ्यांना हे लगेच कळेल. पान भरले की लेखनिक शब्द अर्धा सोडून पुढच्या पानावर जातो. पान संपले म्हणून अध्याय संपला, असे पोथी वाचणारा कधीच समजत नाही.

मग वाचणाऱ्या लायब्ररीने काय करायचे? तुकड्याच्या शेपटाशी खुणेची सुरुवात असू शकेल असे काही दिसले, तर तेवढे शेपूट हातात राखून ठेवायचे आणि बाकीचे पुढे द्यायचे. पुढचा तुकडा आला की शेपूट त्याला जोडून पाहायचे. मानकाने बाउंडरीला ७० अक्षरांची मर्यादा घातली आहे. ओळबदल आणि दोन रेघा धरून ७४ बाइट झाले. फाइल दोन जीबीची असो की दोन केबीची, राखून ठेवायचे शेपूट शंभर बाइटांच्याही आतच राहते. मला तर या सगळ्या विषयाचे सौंदर्य याच आकड्यात दिसते.

असे असूनही आपण सर्रास सोपी वाट धरतो. गो या प्रोग्रामिंग भाषेत 'पार्समल्टिपार्टफॉर्म' म्हटले, की ती सगळा अर्ज एकदम वाचून घेते. ठरलेल्या मर्यादेपर्यंतच्या फाइली मेमरीत राहतात, बाकीच्या डिस्कवर तात्पुरत्या उतरतात. लहानशा फोटोसाठी ते ठीक आहे. पण व्हिडिओ पुढे दुसऱ्या साठवणीतच ठेवायचा असेल, तर आधी तो आपल्या डिस्कवर उतरवणे हा निव्वळ अपव्यय आहे. तिथे 'मल्टिपार्टरीडर' घ्यावा आणि 'नेक्स्टपार्ट' म्हणत एकेक भाग मागावा. पुढचा भाग मागितला की आधीच्यातले न वाचलेले टाकून दिले जाते, मागे जाता येत नाही. म्हणून अर्ज तयार करताना नाव, क्रमांक असे छोटे रकाने आधी आणि फाइल शेवटी ठेवावी. ब्राउझर तोच क्रम पाळतो. फाइल कोणाची आहे हे ती हातात येण्यापूर्वी कळले, तर नको असलेली फाइल दारातच थांबवता येते.

आणि पाठवणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नये. फाइलच्या नावात कोणी '../' घालून भलत्याच फोल्डरचा रस्ता लिहितो. गो २०२१ पासून अशा नावाचा फक्त शेवटचा अंश देते. कोणी हजारो चिमुकले भाग पाठवून मेमरी खातो. अर्ज एकदम वाचताना भागांची संख्या १००० वर रोखण्याची मर्यादा गोमध्ये २०२३ साली आली. भाग एकेक करून घेताना मात्र ही मोजणी आपल्यालाच ठेवावी लागते.

या क्षेत्रात नव्याने आलेल्यांना माझी एक विनंती आहे. तुमचे वाचन बरोबर आहे का, हे मोठ्या फाइलने तपासू नका, एकेक बाइट भरवून तपासा. म्हणजे प्रत्येक खूण प्रत्येक ठिकाणी तुटेल आणि लपलेली चूक पहिल्याच फेरीत बाहेर पडेल. गोच्या प्रमाण लायब्ररीत त्यासाठी 'वनबाइटरीडर' आहे. माझ्या त्या वीस ओळींतली चूक त्याने पकडली असती.