किती जन मावतात त्याच्यात?

सिंदीत हेलिकॉप्टर येतं ते निवडणुकीला. आदल्या दिवशी मैदान सपाट करतात, चुन्यानं गोल आखतात, टँकरनं पाणी मारतात. तरी ते उतरलं की अर्ध्या गावाच्या तोंडात माती जाते. लहानपणी आम्ही नेत्याला नाही, त्या पंख्याला बघायला धावायचो. हेलिकॉप्टर म्हणजे मोठा माणूस येणार, एवढंच ठाऊक होतं. ते साध्या माणसाला घ्यायलाही येतं, हे कळलं मे २०२१मध्ये.

माझा भाऊ वेल्डर. आयटीआय केलं, काही वर्षं बुटीबोरीत काढली आणि मग जास्त पगारासाठी मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलविहिरींच्या कामावर गेला. आमच्या घरात तोवर कुणी समुद्र पाहिला नव्हता. आता सिंदीजवळ ड्राय पोर्टची चर्चा असते, पण पाणी म्हटलं की आम्हाला आठवते विहीर.

तौक्ते वादळ आलं आणि १७ मेच्या सकाळपासून दादाचा फोन लागेना. टीव्हीवर पी-३०५ नावाच्या तराफ्याची बातमी सुरू होती. नांगर तुटून तो भरकटला होता आणि त्यावर २६१ माणसं होती. दुसऱ्या दिवशी आणखी एक तराफा दिसला, पालघरच्या किनाऱ्याजवळ रुतलेला. त्यावर १३७ जण. त्यांच्या डोक्यावर तटरक्षक दलाचं चेतक हेलिकॉप्टर.

आई टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली. "किती जन मावतात बाप्पा त्याच्यात?"

मी फोनवर शोधलं. चालक धरून सातेक.

"मंग एकशे सदतीस लोकायले किती चक्करा?"

कापूस वेचायला जाणाऱ्या बायांचे ऑटो मोजावेत तशी ती बोटांवर मोजत होती. चक्करा संपेपर्यंत वारा थांबेल का, हे मात्र तिनं विचारलं नाही.

हेलिकॉप्टर आणि जहाजं मिळून ते १३७ जण सुखरूप बाहेर आले. पी-३०५ मात्र आदल्या संध्याकाळीच बुडाला होता. नौदलानं खवळलेल्या पाण्यातून माणसं वेचली, तरी कितीतरी जण परतले नाहीत. दादाचा फोन रात्री आला. त्यांचं जहाज वादळाआधीच बंदरात शिरलं होतं, फक्त मोबाईल बंद होता. आईनं त्याला आधी शिव्या दिल्या, मग रडली.

पुढे सुट्टीत आला तेव्हा त्यानं प्रशिक्षणात शिकलेलं सांगितलं. वरून दोर आला की झडप घालायची नाही. फिरणाऱ्या पंख्यांमुळे हेलिकॉप्टरवर स्थिर वीज साठते, म्हणून हुक आधी पाण्याला किंवा डेकला टेकू द्यायचा. पट्टा काखेखालून घ्यायचा आणि हात खाली दाबून धरायचे. भीतीनं हात वर केले की माणूस पट्ट्यातून निसटतो.

पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते वेगळंच. ज्याला वर ओढायचं तो माणूस बरोबर हेलिकॉप्टरच्या पोटाखाली असतो, त्यामुळे वैमानिकाला तो दिसत नाही. दारात वाकलेला विंचवाला सांगत राहतो: थोडं पुढे, डावीकडे, बस. त्या आवाजाच्या भरवशावर वैमानिक यंत्र हवेत जागच्या जागी धरून ठेवतो. न दिसणाऱ्या माणसासाठी.

२ सप्टेंबर २०२४ला पोळा होता. पोळा अमावस्येचा, म्हणजे समुद्रावरही चंद्र नव्हता. त्या रात्री ११च्या सुमारास पोरबंदरजवळ 'हरि लीला' या टँकरवरच्या जखमी खलाशाला आणायला तटरक्षक दलाचं एएलएच हेलिकॉप्टर निघालं आणि समुद्रात पडलं. आत चौघं होते. एकाला वाचवता आलं. वैमानिक राकेश कुमार राणा यांचा मृतदेह सापडायला ऑक्टोबर उजाडला. त्याच हेलिकॉप्टरनं काही दिवस आधी गुजरातच्या वादळी पावसात ६७ जणांचा जीव वाचवला होता.

बातमी आली तेव्हा आमच्याकडे तान्ह्या पोळ्याची गडबड होती. दादाचं पोरगं लाकडी नंदीला झूल बांधत होतं. आईनं बातमी ऐकली आणि तिच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"त्या जखमी मानसाची अन् याइची वळख होती का?"

"नाही."

"पाह्यलंबी नव्हतं?"

"नाही."

ती काही बोलली नाही. नंदीला गंध लावून आत गेली.

नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली. एका दुपारी कुणातरी नेत्याचं हेलिकॉप्टर आमच्या घरावरून गेलं. पोरं ओरडत मैदानाकडे पळाली. आई अंगणात धुणं वाळत घालत होती. एरवी असं काही आलं की ती धुळीच्या नावानं बोटं मोडत कपडे गोळा करायची. त्या दिवशी तिनं कपडे तसेच ठेवले, कपाळावर आडवा हात धरला आणि ते दिसेनासं होईपर्यंत वर बघत राहिली.

"हळू जाय बाप्पा," म्हणाली.