उलांडी नसलेली होडी

माझ्या पहिल्या कयाकच्या कारागिरीत खोट नव्हती. सांधे सरळ आले होते, इपॉक्सी कुठे सुटलं नव्हतं, पाण्याचा थेंब आत येत नव्हता. चुकला होता तो आराखडा, आणि तो मी भरपूर वेळ घेऊन, स्वतःच्या हाताने निवडला होता. नोकरीत आयुष्यभर यंत्रांची ड्रॉइंग वाचली होती, त्यामुळे कागद समजला नाही अशी सबबही मला सांगता येत नाही.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं कर्ली खाडीच्या काठी, गावच्या घरी राहायला आलो. लांब पडवी होती, समोर पाणी होतं. कयाक घरी बांधायच्या मुख्य पद्धती तीन. पातळ प्लायवूडचे तक्ते कापून कडांना तांब्याच्या तारेचे टाके घालायचे, आतून इपॉक्सी आणि फायबरग्लासच्या पट्टीने सांधायचे, मग तारा काढून टाकायच्या, ही एक. साच्यांवर सीडरच्या अरुंद पट्ट्या एकेक करून चिकटवत जायचं, ही दुसरी. लाकडाचा सांगाडा बांधून त्यावर कापड ताणायचं, ही तिसरी. ती मूळची ग्रीनलंडसह उत्तर ध्रुवीय प्रदेशांतल्या इनुइट आणि इतर लोकांची, ते सीलचं कातडं वापरत. मी टाक्यांची पद्धत घेतली, आणि एवढी निवड बरोबर होती. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने ‘मिरर’ नावाची शिडाची छोटी होडी याच पद्धतीने लोकांसमोर आणली. आजवर तशा ७० हजारांहून जास्त होड्या झाल्या, त्यातल्या कितीतरी लोकांनी घरीच जोडल्या. होडीचं काम कधी न केलेल्या माणसाला हे जमतं.

मग आराखडा. एका अमेरिकन डिझायनरची १७ फूट लांब आणि २१ इंच रुंद सागरी कयाक मी पाहिली आणि दुसरं काही पाहायचं थांबलो. निमुळती, दोन्ही टोकं वर उचललेली, वरून पूर्ण झाकलेली. लांब होडी वेगवान असते असं वाचलं होतं, ते खरंही आहे. पाण्यात टेकणारी लांबी फुटांत घ्यायची, तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणायचं, की वेगाची ढोबळ मर्यादा नॉटमध्ये मिळते. साडेपंधरा फुटांना ५.३, तेरा फुटांना ४.८. मी वहीत हे मांडलं आणि लांब होडीवर खूण केली. साठी ओलांडलेला, नवशिका माणूस तीन-साडेतीन नॉटच्या वर फार वेळ वल्हवत नाही, ही नोंद वहीत नव्हती. त्या वेगाला लांबीची मर्यादा आडवी येतच नाही. तिथे नडतं ते पाण्याचं घर्षण, आणि लांब होडीचा पाण्याला लागणारा पृष्ठभाग जास्त असतो. म्हणजे जो फायदा मला कधी मिळणार नव्हता, त्याच्यासाठी मी रोजचा तोटा पत्करला.

कागद टेबलावर पसरला होता तेव्हा हिने एकदाच विचारलं, “अहो, यात मी कुठे बसायचं?” मी म्हणालो, “ही शिकण्यापुरती. पुढची दोघांची करू.” ती काही बोलली नाही. मी त्याला होकार समजलो.

आराखड्यात चार मिलिमीटर जाडीचं ओकुमे प्लायवूड लिहिलं होतं. ओकुमे हे आफ्रिकेतल्या गॅबॉनकडचं हलकं लाकूड. कोल्हापूरच्या दुकानात मला मिळालं ते सहा मिलिमीटरचं, गर्जनचं, आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन प्लाय. शिक्का बघून मी निर्धास्त झालो. तो शिक्का प्लाय पाण्यात सुटणार नाही याबद्दल बोलतो, वजनाबद्दल नाही. आठ बाय चारचा ओकुमेचा चार मिलिमीटरचा तक्ता सहा किलोच्या आसपास भरतो. गर्जनचा सहा मिलिमीटरचा बारा किलोच्या वर जातो. सरळ दुप्पट. दुकानातला पोरगा तक्ता उचलताना वाकला, ते मी पाहिलं होतं.

वजन नंतर कळलं, आधी आडवा आला पीळ. कयाकच्या तळाचा तक्ता मध्यावर जवळजवळ आडवा असतो आणि नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, जाता जाता उभा होतो. चार-पाच फुटांत त्याला तेवढा पीळ बसावा लागतो. चार मिलिमीटरचा तक्ता हाताने वळतो. ताठपणा मात्र जाडीच्या घनाने वाढतो: दीडपट जाडी म्हणजे तिपटीहून जास्त ताठपणा. हे गणित मी नोकरीत असंख्य वेळा केलं होतं. पक्कडीने तार पिळली, तर तारेने कडच फाडली. नवी भोकं पाडली, कापडं गुंडाळून त्यावर उकळतं पाणी ओतलं, पुन्हा पिळली, पुन्हा फाटली. त्या संध्याकाळी काम थांबवून पातळ प्लाय शोधायला हवं होतं. तेव्हा नुकसान फक्त दोन तक्त्यांचं झालं असतं. मी त्याऐवजी पेन्सिल घेतली आणि नाळेचा आकार बदलला. पीळ कमी लागावा म्हणून पुढचा भाग जाड केला.

एकदा आराखड्यात हात घातल्यावर पुढचे बदल सोपे वाटत गेले. सामान मावावं म्हणून मागचं डेक दोन बोटं उंच केलं. मागे तळाला बसणारी स्केगची पात ऐच्छिक आहे असं लिहिलं होतं, ती गाळली. डिझायनरने लांबी, रुंदी, उंची, वजन सगळं एकमेकांच्या भरवशावर ठेवलेलं असतं. यातलं एक हललं की बाकीचं हलतं. यंत्राच्या बाबतीत असा बदल कोणी माझ्याकडे आणला असता, तर मी त्याला परत पाठवला असता.

पावसाळा संपल्यावर होडी पाण्यात घातली. आराखड्यात वजन वीस किलोच्या आसपास सांगितलं होतं, माझी पस्तिशीच्या जवळ गेली. एकट्याने धक्क्यापर्यंत नेता येईना, दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागे. पहिल्याच दिवशी धक्क्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने ती टोकापासून टोकापर्यंत नीट पाहिली आणि विचारलं, “उलांडी खंय हिची?” इकडच्या लहान होड्याही अरुंदच असतात. पण त्यांच्या एका बाजूला दोन दांड्यांवर हलक्या लाकडाचा ओंडका बांधलेला असतो, तो पाण्यावर टेकून होडीला कलू देत नाही. मी त्यांना समजावलं की ही होडी कलते, पण कलूनही न उलटण्यासाठी बनवलेली असते, फक्त शरीराने तोल धरावा लागतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझं पोट, माझे ताठ झालेले गुडघे आणि होडीची रुंदी, तिन्ही त्यांना एकत्र दिसली होती.

पुढे एका दुपारी मी ओहोटीबरोबर देवबागला, खाडी समुद्राला मिळते त्या मुखाकडे गेलो. परतताना खारा वारा मागून, थोडा तिरका लागला. उंच केलेलं मागचं डेक त्या वाऱ्याने ढकललं, आणि नाळ सारखी वाऱ्याकडे, म्हणजे समुद्राकडे वळायला लागली. स्केग नव्हती, त्यामुळे प्रत्येक चार वल्ह्यांतली तीन फक्त होडी सरळ करण्यात जात होती. खांदा भरून आला. एका लाटेला मी वल्हं उशिरा टेकवलं आणि होडी उलटली. लाइफ जॅकेट होतं म्हणून तोंड पाण्यावर राहिलं. ओहोटी मला आणि पाण्याने भरलेल्या होडीला बाहेर ओढत होती. जाळी टाकून परतणाऱ्या दोघांनी मला त्यांच्या होडीत ओढलं नसतं, तर काय झालं असतं याचा विचार मी केलेला आहे. इथे लिहीत नाही. खांदा पूर्वीसारखा झालाच नाही. ही धक्क्यावर उभी होती, तिने सगळं लांबून पाहिलं. त्यानंतर ती कितीतरी दिवस पाण्याकडे आलीच नाही. आम्ही या गावी आलो होतो ते संध्याकाळी दोघांनी पाण्यावर जावं म्हणून, आणि तेच मी घालवून बसलो होतो.

खांदा शेकत घरी बसलो असताना ग्रीनलंडच्या कयाकबद्दल सावकाश वाचलं. तिथे माप माणसाच्या अंगावरून घेत असं सांगतात: लांबी पसरलेल्या हातांच्या तिप्पट, रुंदी कमरेएवढी आणि वर दोन मुठी. मी भिंतीला टेकून स्वतःचं माप घेतलं. त्या हिशेबाने माझी होडी आखूड हवी होती, आणि बरीच रुंद. वरचं बंद डेकही तिथल्या बर्फाळ पाण्यासाठी आहे. ते पाणी मांडीवर सांडलं तर माणूस गारठून मरू शकतो. आमच्या खाडीचं पाणी कोमट. त्याच डेकखाली एप्रिलच्या उन्हात माझे पाय भाजत. त्या लोकांनी आपलं अंग आणि आपलं पाणी बघून जे केलं, त्याचा फक्त आकार मी उचलला होता.

त्या मच्छीमाराकडे जाऊन मी उलांडी मागितली. त्यांनी बांबू आणि पांगाऱ्याचं लाकूड घेऊन ती बसवून दिली. होडी आता त्यांचा नातू शांत पाण्यात जाळी बघायला नेतो. तिचं वजन त्याला जाणवत नाही.

दुसऱ्या होडीसाठी मी अजून एकही आराखडा मागवलेला नाही. चार मिलिमीटरचं प्लाय आधी मिळवलं, दोन तक्ते वजन करून पडवीत ठेवलेत. उरलेल्या जाड प्लायच्या तुकड्यांच्या दोन बैठकी एका रांगेत ठोकल्या आहेत, त्यात बसून गुडघे कुठे येतात ते बघतो. काय काय हवं याची यादी या वेळी हिने लिहायला घेतली. वेग त्यात नाही. तिने पहिल्याच ओळीत लिहिलंय की ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या शेवाळाने बुळबुळीत असतात, तिथून हात धरायला कोणी नसताना तिला चढता-उतरता आलं पाहिजे. त्यासाठी रुंदी किती लागेल आणि काठ किती खाली ठेवावा लागेल, हे मी सध्या मोजतो आहे.