हेराल्डमधली लाल वायर

अमरावती,
मे महिना

चि. छोटी,

तुझ्या स्पिटफायरचे फोटो मोठे करून नीट पाहिले. डॅशबोर्डखाली लोंबणाऱ्या वायरींपैकी ‘कोणत्या कापून टाकू?’ असं तू विचारलं आहेस. सध्या एकही नाही. कोणती वायर कुठून निघते आणि कुठे संपते हे कागदावर उतरल्याशिवाय पक्कड हातात घ्यायची नाही. असं का म्हणतो, ते आपल्या अकोल्याच्या हेराल्डवरून सांगतो. त्या गाडीतल्या एका वायरीची गोष्ट तुझ्या आईलाही पुरती ठाऊक नाही.

आधी नातं सांगतो, कारण तुझी गाडी आणि आपली गाडी एकाच घरातल्या. ट्रायम्फ हेराल्ड १९५९ साली बाजारात आली, तू राहतेस त्या कॉव्हेंट्रीच्याच स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीची. तिचं रूप इटलीच्या मिकेलोत्तीने आखलं. तिचीच चासी आखूड करून त्यावर १९६२ साली दोन माणसांची स्पिटफायर बसवली. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटरने १९६१ पासून ‘स्टँडर्ड हेराल्ड’ काढली; पुढे खास भारतासाठी चार दारांचीही केली. आपली जुनी, दोन दारांची. मडगार्डांसकट अख्खं बोनेट पुढे उलटतं ना तुझ्या गाडीचं? तस्संच आपल्या हेराल्डचं. वायरिंगची पद्धतही एकच, बर्मिंगहॅमच्या लुकासची. लुकास-टीव्हीएस ही कंपनीसुद्धा मद्रासला १९६१ सालीच उभी राहिली.

लुकासने वायरींच्या रंगांना शिस्त लावली होती, आणि ती पाठ असली की अर्धं काम होतं. ब्राउन म्हणजे थेट बॅटरीचा सप्लाय, चावी बंद असली तरी जिवंत. पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होते. हिरवी म्हणजे तोच चावीचा सप्लाय, पण फ्यूजमधून आलेला. हिरवीवर जांभळी रेघ असेल तर ब्रेक लाईट, लाल रेघ डाव्या इंडिकेटरची, पांढरी रेघ उजव्या. निळी हेडलाईटची, त्यात निळी-पांढरी अप्पर, निळी-लाल डिपर. नुसती लाल म्हणजे पार्किंग आणि मागचे दिवे. काळी म्हणजे अर्थिंग. ऊन आणि धुळीने रंग ओळखू येत नसेल तर हार्नेसवरची पट्टी बोटभर उलगड. आत ऊन पोचलेलं नसतं, मूळ रंग तिथे सापडतो.

ही शिस्त कारखान्याच्या दारापर्यंत टिकते. नंतर गाडीत मालकाची हौस येते, रेडिओ येतो, जादा हॉर्न येतो, आणि रस्त्यात गाडी बंद पडली की जो मेकॅनिक भेटेल तो हातातल्या वायरीने काम भागवतो. त्याला मी नावं ठेवत नाही. मूर्तिजापूरच्या रस्त्यावर रात्री अडकलेल्या माणसाला घरी पोचवणं हेच त्या वेळी त्याचं काम होतं.

तुझ्या पणजोबांनी हेराल्ड साठच्या दशकात घेतली. ते अकोल्यात डॉक्टर होते. दवाखाना शहरात, पण निम्मे पेशंट बार्शीटाकळी, बोरगाव मंजू, दर्यापूरकडचे. त्यांच्यानंतर गाडी वाड्याच्या पडवीत उभीच होती. ती मी अमरावतीला आणली तेव्हा वायरिंगची दशा वाईट होती. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे सहज जातो. पीव्हीसी मऊ ठेवणारं द्रव्य अशा उष्म्यात वर्षागणिक उडून जातं, मग वायर वाकवली की वरचं आवरण टवक्यांनी निघतं. त्यात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. तिथल्या विहिरींच्या मचूळ पाण्याने किती वेळा धुतली असेल कोण जाणे. पितळी बुलेट कनेक्टर ओढून काढले की आत हिरवी भुकटी. उंदरांनी केलेलं वेगळंच.

सगळं उपटून नवीन हार्नेस टाक, असा सल्ला मला सगळ्यांनी दिला, तुलाही देतील. आवरण तडकलेलं असेल तर नवीन हार्नेस टाकावाच लागतो, जुन्या वायरीवर जीव लावून गाडी पेटवण्यात अर्थ नाही. पण उपटण्याआधी नोंद हवी. मी मोठा पुठ्ठा घेतला, प्रत्येक टोकाला कापडी पट्टी बांधून आकडा लिहिला आणि तोच आकडा पुठ्ठ्यावर मांडला.

या कामात एक लाल वायर अडली. बॅटरीपासून निघून डॅशबोर्डखालून, दाराच्या उंबऱ्याच्या कडेने ती मागच्या डिकीत जात होती. लाल आणि मागे जाणारी, म्हणजे मागच्या दिव्यांची, असंच कुणीही म्हणेल. पण दिव्यांचा स्विच बंद, चावी खिशात, तरी टेस्ट लॅम्प लावला की पेटायचा. लाल वायर दिव्यांच्या स्विचशिवाय जिवंत असायचं कारणच नाही. म्हणजे ती कारखान्याची नव्हे. हातात घेऊन नीट पाहिली तर वरून सुती विणीचं आवरण, आत पीळ घातलेल्या दोन तारा. घरात टांगत्या बल्बला असायची तसली. दुसरी तार बॅटरीच्या जवळ थेट बॉडीला बोल्टने कसलेली. डिकीत टोकाला लाकडी ठोकळा आणि त्यावर घरातला दोन गोल पिनांचा पाच अँपियरचा सॉकेट, भिंतीवर बसवतात तसा. जोड मात्र सुरेख होते. तारा एकमेकींत गुंफून, सोल्डर करून, वर काळी कापडी टेप. वाटेत अडलेल्याची ही तात्पुरती सोय नव्हे, कुणीतरी वेळ काढून, विचार करून हे केलं होतं.

आणखी एक गोष्ट तिथेच लक्षात आली. बॅटरीचे दोन्ही क्लॅम्प पान्याशिवाय, नुसत्या हाताने सोडता येतील अशा नटांचे होते.

गाडीकडून एवढंच कळलं. पुढचं अकोल्याच्या आत्याआजीकडून. मी सॉकेटचा फोटो दाखवला आणि ती लगेच म्हणाली, “अरे, तो तं बाळंतपणाचा दिवा होय!” त्या काळी खेड्यांत वीज कुठे होती? महाराष्ट्राचं वीज मंडळच १९६० चं. अडलेली बाळंतीण असो की साप चावलेला माणूस, बोलावणं यायचं ते बहुधा रात्री, आणि कंदिलाच्या उजेडात टाके घालणं पणजोबांना मंजूर नव्हतं. म्हणून त्यांनी ओळखीच्या वायरमनकडून हे करून घेतलं होतं. पत्र्याच्या टोपीतला बारा व्होल्टचा बल्ब आणि त्याला लांबलचक वायर. गाडी दारापाशी लावायची, पिन सॉकेटात खोचायची, वायर खिडकीतून आत घ्यायची. शाळेच्या सुट्टीत आत्या सोबत जायची, तेव्हा दिवा तिच्या हातात. हात हलू द्यायचा नाही आणि तोंड भिंतीकडे ठेवायचं, अशी तिला ताकीद होती.

हाताच्या नटांचा उलगडाही तिनेच केला. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रस्ता सोडून वावभरही जात नसे. मग गाडी सडकेवर ठेवायची, बॅटरी सोडून बंडीत घ्यायची आणि बैलांनी गावापर्यंत न्यायची. अंधारात, पावसात पाना शोधत बसायला वेळ नसे.

छोटी, ती वायर मी पहिल्याच दिवशी कापली असती तर गाडीचं काहीही बिघडलं नसतं. दिवे लागले असते, सेल्फ फिरला असता. फक्त हे कुणी आत्याला विचारलं नसतं, आणि तिने आपणहून सांगितलंही नसतं. तिच्या मते त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ती सुती वायर मात्र मी ठेवली नाही. आवरण कुजलेलं, जिवंत सप्लाय आणि वाटेत एकही फ्यूज नाही. उंबऱ्याच्या पत्र्याला घासली असती तर आग लागायला वेळ लागला नसता. त्याच मार्गाने नवीन वायर टाकली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर दहा अँपियरचा फ्यूज दिला. लाकडी ठोकळा, सॉकेट आणि हाताचे नट होते तिथेच आहेत.

आता तुझी गाडी. तुझी स्पिटफायर १५०० मॉडेलची, म्हणजे १९७४ नंतरची. निगेटिव्ह अर्थ, डायनामोऐवजी अल्टरनेटर. तिसऱ्या फोटोत हिरवी-पांढरी वायर दाबून बसवलेल्या निळ्या कनेक्टरने एका लाल वायरीला जोडलेली दिसते. हिरवी-पांढरी उजव्या इंडिकेटरची. तिथून कुणी सप्लाय घेतला असेल तर तो इंडिकेटरबरोबर चालू-बंद होणारा. बहुधा मागे ट्रेलर जोडायची सोय. गाडीखाली वाकून मागच्या बंपरजवळ सॉकेटची जागा किंवा भोकं आहेत का बघ. काळ्या वायरीत करंट मिळतो म्हणतेस, तिथे दोन शक्यता. कुणीतरी हाताला लागली ती वायर वापरली, किंवा ती खरोखर अर्थिंगचीच आहे आणि तिचं बॉडीशी असलेलं टोक गंजून सुटलं आहे, त्यामुळे एखाद्या बल्बमधून आलेला करंट परतीची वाट शोधतो आहे. ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मंद पेटत असेल तर दुसरी शक्यता धर. काही वायरींचं टोक मात्र कुठेच जोडलेलं नसेल आणि रंग शिस्तीतला असेल. त्या कारखान्याच्याच, एकच हार्नेस वेगवेगळ्या मॉडेलांना वापरत, म्हणून टोकं रिकामी राहतात. त्यांना टेप गुंडाळून बांधून ठेव.

आणि बोनेटच्या बिजागरीजवळ बघायला विसरू नकोस. तिथल्या वायरी प्रत्येक वेळी बोनेट उघडताना वाकतात, आतल्या तारा तुटतात आणि आवरण शाबूत राहतं. दोन बोटांत धरून सरकवत जा; तुटलेल्या जागी वायर मऊ लागते.

कुठल्याही वायरीला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढ. पुन्हा जोडताना थेट जोडू नकोस, बॅटरी आणि क्लॅम्प यांच्यामध्ये २१ वॅटचा ब्रेक लाईटचा बल्ब सिरीजमध्ये लाव. सगळं बंद असताना बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. वायर जळण्याआधी कळेल. मीटरपेक्षा या कामात माझा या बल्बवर जास्त विश्वास आहे, कारण एका तारेवर तगलेली वायर मीटरला पुरे बारा व्होल्ट दाखवते आणि बल्ब लावला की उघडी पडते.

ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांचा फोन असेल तर त्यांना विचार, आणि त्यांच्याआधी कुणाकडे होती तेही विचार. ट्रेलरवर काय नेत होते, ते मला जरूर कळव.

जावईबापूंना आशीर्वाद. आत्याआजीला फोन कर. संध्याकाळी सातनंतर ती मोकळी असते.

तुझा,
मामा