पानाच्या कडेचा नाश्ता

कर्बोदकं कमी करायची ठरवली की पहिली अडचण सकाळीच उभी राहते. दुपारी एखादी पोळी कमी घेता येते, रात्री भात टाळता येतो, पण सकाळी काय खायचं? मराठी घरातल्या नाश्त्याची यादी मनातल्या मनात म्हणून पाहा. पोहे, उपमा, शिरा, साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ, आंबोळी, इडली, फोडणीची पोळी, फोडणीचा भात. यातलं जवळजवळ सगळं धान्याचं, आणि जे धान्याचं नाही ते कंदाच्या पिठाचं. त्याआधी साखर घातलेला चहा, त्यात बुडवायला बिस्किट, खारी नाहीतर टोस्ट. म्हणूनच हा आहार सुरू करणारे बहुतेक जण बाहेर शोधायला लागतात. बदामाच्या पिठाचा पाव, परदेशी बिया, महागडी पावडर असं काहीबाही घरात येतं आणि पंधरा दिवसांत पोहे परत येतात. गेली काही वर्षं माझा रोजचा नाश्ता धान्याशिवाय आहे आणि त्या अनुभवावरून माझं मत पक्कं झालं आहे, की नवे पदार्थ शोधायची गरजच नाही. आपल्या पानात डावीकडे चटणी-कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी-उसळ वाढली जाते, आणि मधे भाताची मूद किंवा पोळी येते. सकाळपुरती ही मधली जागा कडेच्या पदार्थांना द्यायची. एवढंच करायचं आहे, आणि ते आजच्या स्वयंपाकघरात, आहे त्या डब्यांतून होतं.

आधी आकडे पाहू. शंभर ग्रॅम कोरड्या पोह्यांत कर्बोदकं सुमारे ७६ ग्रॅम आणि प्रथिनं जेमतेम ७ ग्रॅम असतात. भरपेट बशीला ६० ते ७० ग्रॅम पोहे लागतात, म्हणजे बटाटा न घालताही पन्नासएक ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात. साबुदाण्याची गत याहून वाईट. त्यात शंभर ग्रॅममागे ८७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. खिचडीत थोडंफार बळ असतं ते दाण्याच्या कुटाचं. याउलट दोन अंड्यांत १२ ग्रॅम प्रथिनं आणि कर्बोदकं एक ग्रॅमच्या आगेमागे. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत प्रथिनं सात-साडेसात ग्रॅम आणि कर्बोदकं पाच, त्यातलाही निम्मा भाग तंतूंचा. हा फरक दोन-चार दिवसांत शरीराला कळतो. पोह्यांनंतर अकराच्या सुमाराला जी भूक लागते, ती अंडी, दाणे किंवा पनीर खाल्लं तर दुपारच्या जेवणापर्यंत लागत नाही, निदान मला तरी लागत नाही. शास्त्रालाही प्रथिनांचा हा गुण मान्य आहे. ती पोट अधिक वेळ भरलेलं ठेवतात.

पण एका नाश्त्याने असा कितीसा फरक पडणार, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर साध्या हिशेबात सापडतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने देशभर झालेल्या ‘इंडियाब’ पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असा तो अंदाज होता. त्याच पाहणीनुसार आपल्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांतून फक्त १२ टक्के. याच पाहणीतल्या अठरा हजारांहून अधिक प्रौढांच्या आहारावरून संशोधकांनी २०२२ मध्ये एक गणित मांडलं होतं. नुकताच मधुमेह झालेल्यांनी तो मागे हटवायचा असेल तर कर्बोदकांचा वाटा ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावा, असं त्यातून निघालं. आता सकाळच्या बशीतली पन्नास ग्रॅम कर्बोदकं काढली, तर दर ग्रॅमला चार या हिशेबाने दोनशे उष्मांक त्या बाजूने कमी होतात. दिवसाचे दोन हजार उष्मांक धरले तर हा सरळ दहा टक्क्यांचा फरक झाला. त्यांच्या जागी प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ आले तर बासष्टवरून आपण बावन्नच्या आसपास येतो, आणि दुपारच्या पोळीला, रात्रीच्या भाताला अजून हातही लागलेला नसतो. शास्त्रीय व्याख्येनुसार याला कमी कर्बोदकांचा आहार म्हणत नाहीत. त्यासाठी दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली यावं लागतं आणि कडक प्रकारात तर २० ते ५० ग्रॅमपर्यंत. पण सुरुवात कुठून करायची, याचं उत्तर या हिशेबाने मिळतं.

सकाळच निवडण्याला आणखी एक कारण आहे. पहाटेपासून शरीरात कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत रक्तात साखर सोडतं, म्हणून अनेक मधुमेहींची साखर न्याहारीनंतर दिवसात सर्वांत जास्त उसळते. कॅनडातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये टाइप दोनचा मधुमेह असलेल्या २३ जणांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एके दिवशी न्याहारीला ऑम्लेट, दुसऱ्या वेळी ओट्स आणि फळं, दुपारचं आणि रात्रीचं जेवण मात्र दोन्ही दिवशी सारखंच. ऑम्लेटच्या दिवशी न्याहारीनंतरची उसळी टळली आणि चोवीस तासांतला साखरेचा चढउतारही कमी राहिला. तेवीस माणसं हा आकडा लहान आहे, त्यावर मोठा इमला बांधता येणार नाही. पण बदल एकाच खाण्यात केला होता, ही त्यातली गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मग खायचं काय? ज्यांना अंडी चालतात त्यांचं काम सोपं आहे. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर घातलेली भुर्जी, पालक नाहीतर मेथी चिरून घातलेलं ऑम्लेट, घाई असेल तर रात्रीच उकडून ठेवलेली अंडी आणि वरून मीठ-मिरपूड. पाव घ्यायचा नाही आणि त्याची आठवण येऊ नये म्हणून भाजी दुप्पट घालायची, हे मी आवर्जून सांगते. नुसती भुर्जी खाणं आठवड्याभरात कंटाळवाणं होतं. तिच्यासोबत वाटीभर काकडी असली तर होत नाही. काकडी चोचवून, दाण्याचा कूट, ओलं खोबरं आणि हिरव्या मिरचीची फोडणी घालून केलेली खमंग काकडी माझ्या मते या आहारातला सर्वांत दुर्लक्षित पदार्थ आहे. नेहमीची चिमूटभर साखर वगळायची आणि मोठी वाटीभर करायची. किनारपट्टीवर सुका जवळा आहे. कांद्यावर परतलेला जवळा किंवा सुकट म्हणजे जवळपास निव्वळ प्रथिनं, आणि तो वर्षभर डब्यात टिकतो. घट्ट दह्यात जवसाची किंवा कारळ्याची चटणी दोन चमचे कालवली, वरून दाणे घातले, की चूल न पेटवता नाश्ता होतो. जवसातली कर्बोदकं जवळजवळ सगळी तंतूंची असतात, त्यामुळे धान्य कमी झाल्यावर पोट साफ न होण्याची जी तक्रार येते तिच्यावरही ही चटणी कामी येते. घरी दूध फाडून केलेलं पनीर असेल तर त्याची भुर्जी अंड्याच्या भुर्जीसारखीच होते. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराएक ग्रॅम प्रथिनं असतात. फ्लॉवर किसून, मोहरी, कढीपत्ता, मिरची आणि दाणे घालून उपम्यासारखा परतता येतो. तो उपमा नाही, भाजीच आहे, पण सकाळी फोडणीचा तोच वास येतो आणि माणूस टेबलावर खुशीत बसतो.

डाळी आणि कडधान्यं मात्र वेगळ्या खात्यात मांडायला हवीत, कारण इथे बरीच फसगत होते. बेसन किंवा मूग म्हणजे प्रथिनं, असं आपण धरून चालतो. वस्तुतः शंभर ग्रॅम बेसनात प्रथिनं बावीसएक ग्रॅम असली तरी कर्बोदकं ५८ ग्रॅमच्या घरात आहेत. मटकी-मुगाचंही तसंच. कडक आहार पाळणाऱ्याला मुगाची धिरडी पोटभर खाऊन चालणार नाहीत. पण नुकती सुरुवात करणाऱ्याला हाच पदार्थ सगळ्यात मोठा आधार असतो. तीस ग्रॅम मटकीला मोड आणून केलेल्या उसळीत कर्बोदकं अठराएक ग्रॅम, प्रथिनं सात आणि तंतू भरपूर. पोह्यांच्या बशीतले पन्नास आणि हे अठरा, शिवाय पचायला लागणारा वेळ वेगळा. पीठ पेरून केलेली सिमला मिरची किंवा कांद्याची पात, घट्ट झुणका, मेथी आणि किसलेला दुधी ठासून भरलेलं मुगाचं धिरडं, ही सगळी मधली पायरी आहे. पीठ कमी आणि भाजी जास्त, हे प्रमाण सांभाळलं की झालं.

यावर एक जण म्हणेल की आपलं पारंपरिक खाणं सोडायचं कशाला, आजी-आजोबा हेच खाऊन नव्वदीपर्यंत जगले. त्यांचं ऊन, शेत, पाणी शेंदणं आणि मैलोगणती चालणं आपल्याकडे उरलेलं नाही, हे पहिलं उत्तर. दुसरं उत्तर परंपरेबद्दलच आहे. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटाही तिकडचाच आणि मिरचीही. उपवासाच्या ताटातली ही मंडळी फार जुनी नाहीत. उपवासाला ताक, दाणे, खोबरं, काकडी, सुरणही चालतात आणि यातल्या पहिल्या चारांवर सकाळ निभावते. दुसरा जण म्हणेल, मग ज्वारी-नाचणी खाऊ. ज्वारी-नाचणीत तंतू आणि खनिजं चांगली आहेत, नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, त्या जरूर खाव्यात. पण कर्बोदकांच्या हिशेबात त्या गव्हाच्या शेजारीच बसतात, शंभर ग्रॅमला सत्तरच्या आसपास. पोह्यांच्या जागी नाचणीचं घावन आलं म्हणजे कर्बोदकं कमी झाली, हा गैरसमज मनातून काढलेला बरा.

तिसरा आक्षेप महाराष्ट्रात विशेष ऐकू येतो. नाश्ता करायचाच कशाला? डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवलेली पद्धत दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवा, असं सांगते. ज्यांना ती मानवते त्यांना माझा विरोध नाही. पण दोनदा खाण्याने काय खावं हा प्रश्न सुटत नाही, फक्त वेळ बदलते. सकाळी साडेसहाला डबा घेऊन लोकल पकडणाऱ्याला किंवा शाळेत दिवसभर उभं राहून शिकवणारीला उपाशी राहणं जमत नसेल, तर त्यात तिचा कमकुवतपणा नाही. तिला सकाळी खायचंच आहे, तर चांगलं काय ते सांगायला हवं.

मला सगळ्यात गंभीर वाटतो तो आक्षेप आहारशास्त्राचा नाहीच. घरात एकाने आहार बदलला की कोणीतरी दोन नाश्ते करायला लागतं, आणि ते कोणीतरी बहुधा घरातली बाईच असते. पुष्कळांचे आहार याच कारणाने मोडतात आणि मोडावेतही. एकाच्या तब्येतीसाठी दुसरीची सकाळ खर्ची पडू नये. म्हणूनच वेगळे पदार्थ नकोत, प्रमाण बदला, असं मी म्हणते. नागपूरचे तर्री-पोहे घ्या. चण्याची तर्री एकच होते. मुलांच्या बशीत पोहे जास्त आणि वर तर्री, तुमच्या बशीत चणे भरपूर, वर कांदा-लिंबू आणि पोहे चवीपुरते. मिसळीची उसळही एकच. ज्याला पाव हवा तो घेईल, तुम्ही पाव आणि फरसाण सोडून उसळ, कांदा आणि दही घ्याल. भुर्जी तव्यावर एकदाच होते, पोळीसोबत कोणी खातं, कोशिंबिरीसोबत कोणी. रात्री झोपताना मटकी भिजत घालणं किंवा अंडी उकडून ठेवणं ज्याचा आहार त्याने स्वतः करावं. त्याला पाच मिनिटं लागतात.

सुरुवातीच्या आठवड्यात डोकं दुखणं, गळून गेल्यासारखं वाटणं होऊ शकतं. स्नायू आणि यकृतातली साठवलेली साखर आपल्यासोबत पाणी धरून असते. ती सरली की पाणी आणि मीठ दोन्ही बाहेर पडतं. मीठ घातलेलं ताक किंवा सोलकढी त्यावर बहुतेक वेळा पुरते, रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी मात्र आधी विचारावं. साखरेचा चहा एकदम सुटत नसेल तर दोन चमच्यांचा दीड, मग एक करत आणावा. खोबरं, लोणी, पनीर वाढल्याने काहींचं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, म्हणून आधी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा रक्त तपासून घ्यावं.

आणि ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांना कळकळीची विनंती. जेवढ्या औषधाने पोह्यांनंतरची साखर आटोक्यात राहत होती, तेवढंच औषध भुर्जीनंतर घेतलं तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते, आणि ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्यांबरोबर फार कमी कर्बोदकं घेतली तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. गरोदर स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि लहानपणापासून इन्सुलिनवर असलेले यांनीही हा बदल आपल्या मनाने करू नये. पहिली बशी बदलण्याच्या आधी डॉक्टरांना भेटा आणि औषधाचं प्रमाण ठरवून घ्या.