गोधडीच्या काठाला कोणती नक्षी?



नणंदेच्या नातीसाठी सासूबाईंनी गोधडी घातली. मधला भाग हाताने झाला, पण आता नजर अधू झाल्याने सुईत दोराही ओवता येत नाही. त्यांच्या हातची ही शेवटचीच. भोवतीचा 4 इंची काठ माझ्याकडे आला.

काठ मशीनवर करायचा ठरवला. मशीनचे दात खाली पाडायचे, रफूचा फूट लावायचा आणि दोन्ही हातांनी कापड हवं तसं फिरवत टाके घालायचे. लाटा, वेल, पिसं, काहीही काढता येतं, म्हणूनच निवडणं अवघड.

नणंदबाईंना काठभर स्वस्तिक हवं होतं. मी म्हटलं, "वन्सं, बाळ त्यावर पाय देणार, शू करणार. मंगल चिन्हं तिथे कशाला?" त्यांनाही पटलं.

मला स्वतःला दाट पिसांची नक्षी फार आवडते. पण सासूबाईंच्या धावदोऱ्याच्या ओळी बोटभर अंतरावर आहेत. काठ त्याहून दाट शिवला तर तो आकसतो आणि मध्ये फुगा येतो. फारच विरळ ठेवला तर काठाला झालर पडते. म्हणजे काठाची नक्षी मधल्या टाक्याला विचारूनच घ्यायची. शिवाय त्यांच्या साध्या ओळींपुढे माझी पिसंच मिरवली असती, ते मला नको होतं.

म्हणून पानांची साधी वेल घेतली. कागदावर पेन्सिल न उचलता वीसेक वेळा काढली. हात आपोआप वळायला लागला, तेव्हा मशीनवर बसले. मधला भाग 32 बाय 40 इंच. एक वळण 4 इंचांचं धरलं, तर एका बाजूला 8 आणि दुसऱ्या बाजूला 10 बरोबर बसली. प्रत्येक कोपऱ्यात एक तिरकं पान.

तुम्ही करणार असाल तर आधी खडूने कोपरे आखा, मग मधली वळणं. बाहेरून अर्धा इंच मोकळा सोडा, नाहीतर पट्टी लावताना पानांची टोकं दबतात. फुलाफुलांच्या कापडावर नक्षी हरवते, साध्यावर उठून दिसते. दोरा मात्र कापडाच्याच रंगाचा घ्या, हात थोडा हलला तरी डोळ्यात येत नाही.

घरात कुणाच्या हातची अर्धी राहिलेली गोधडी असेल तर यंदा काढाच बाहेर. काठाला काय घालणार, तेही कळवा.