एरंडेलाचा वास

गोदाकाठच्या सायखेडा गावाला विमाने कानांनी कळतात. 1964 साली ओझरला कारखाना निघाला, तेथे मिग-21 तयार होऊ लागली आणि कांद्याच्या लिलावात बोली थांबवून माणसे वर पाहू लागली. पुढे आवाज रोजचा झाला. जून 2018 मध्ये ओझरहून उडालेले सुखोई निफाड तालुक्यातच वावी-ठुशी शिवारात कोसळले. दोन्ही वैमानिक वाचले, पण वरचा आवाज जरा बदलला की माना अजून वर होतात.

गावातील एक आडत्ये शेठजी सपत्नीक लंडनला मुलाकडे गेले, तेव्हा एका शनिवारी मुलाने त्यांना ओल्ड वॉर्डन येथे नेले. युद्धाची यंत्रे पाहायला कशाला जायचे, असा प्रश्न घरात निघाला होताच. येथील शटलवर्थ संग्रहातील जुनी विमाने दालनात उभी असतात. मात्र वर्षातील काही ठरावीक दिवशी ती गवताच्या धावपट्टीवरून प्रत्यक्ष उडवली जातात.

स्पिटफायर आले, गरजून गेले. टाळ्या त्यालाच सर्वाधिक. 1942 साली ब्रह्मदेशात भारतीय वैमानिकांनीही चालवलेल्या लायसँडरची ओळख मुलाने करून दिली. शेठजी मात्र पहिल्या महायुद्धातील सॉपविथ पप सुरू होताच कठड्याजवळ सरकले.

"हा तर एरंडेलाचा वास!"

खरेच होते. त्या विमानात पंख्याबरोबर अख्खे इंजिनच गरगर फिरते. त्याला वंगण म्हणून एरंडेल घालतात, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. वापरलेले तेल धुरासह बाहेर फेकले जाई आणि वैमानिकाच्या नाकातोंडात जाई. त्याचा परिणाम वाचकांना सांगायला नको. पंखांवर ताणलेले कापड लिननचे, म्हणजे जवसाच्या धाग्यांचे. एरंडी आणि जवस! भुसार बाजारातील माल आकाशात उडताना शेठजी प्रथमच पाहत होते.

हा संग्रह ज्याने उभारला तो रिचर्ड शटलवर्थ 1940 साली हवाई दलात असताना रात्रीच्या उड्डाणात मरण पावला. एकुलता एक. आई डोरोथी यांनी 1944 साली त्याच्या स्मरणार्थ न्यास केला. हे ऐकून शेठाणी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लेकाची खेळणी माउलीने मोडीत घातली नाहीत."

"आपल्या मिगचे असे करता आले असते का रे?" शेठजींनी विचारले. शेवटच्या मिग-21 विमानांना 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगढला निरोप दिला गेला. मुलाने जेट इंजिनाचे सुटे भाग, इंधन, लांब धावपट्टी असा खर्च मोजायला सुरुवात केली. शेठजींनी आकडे ऐकले; हिशोब बसत नव्हता. "आवाज तरी कोणी नीट नोंदवून ठेवला असेल," एवढेच ते म्हणाले.

सर्वांत जुनी विमाने वारा पडल्यावरच निघतात. त्यासाठी थांबावे लागणार, आणि जोडप्याचा तर चौविहार. पण तेथे जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. ठेपले आणि दशम्या निवांत खाऊन झाल्या, डबे बांधले गेले. खांबावरची वाऱ्याची पिशवी हळूहळू लोंबली. 1909 चे ब्लेरिओ बाहेर आणले गेले, सायकलीसारख्या चाकांवर गवतातून धावले आणि जेमतेम उचलले गेले. शेठाणींनी नवऱ्याचा दंड धरला. विमान सरळ रेषेत थोडे अंतर तरंगत गेले आणि पलीकडे अलगद टेकले.

"उतरले?" त्यांनी विचारले.

"उतरले," शेठजी म्हणाले.