मुळाशी तीन मिलिमीटर

वरच्या हिरडीवर मोहरीएवढी पुळी यायची. दुखायची मुळीच नाही. फुटली की तोंडाला खारट चव यायची आणि आठवडाभराने ती पुन्हा हजर व्हायची. पटाशीच्या शेजारचा तो दात. रूट कॅनाल होऊन, कॅप चढून वर्षं लोटलेली. ठणका असता तर मी रात्रीच दवाखाना गाठला असता. न दुखणाऱ्या दुखण्याला माणूस दाद देत नाही.

डॉक्टरीणबाईंनी पुळीच्या तोंडातून एक लवचिक, गुलाबीसर काडी अलगद आत सरकवली आणि एक्स-रे काढला. हिरडीतून वळत गेलेली ती काडी थेट मुळाच्या टोकाशी, एका काळ्या डागापाशी थांबली होती. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात; दाताचं मात्र विचारावं लागतं.

ती काडी गट्टापर्चाची. रूट कॅनालमध्ये भरतात तोही हाच पदार्थ, मलाया भागातल्या झाडांचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्रतळाच्या तारायंत्राच्या केबलींवर याचंच आवरण असे. समुद्र थोपवणारा हा चीक माझ्या दातात हरला, पण दोष त्याचा नाही. दाताची नळी टोकाशी सरळ संपत नाही, तिला बारीक फाटे फुटतात. झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी शंभरएक वर्षांपूर्वी काढलेल्या दातांच्या पोकळ्यांत रबर भरून साचे घेतले, तेव्हा हे जाळं उघड्यावर आलं. त्या फाट्यांत सुई पोचत नाही, औषध पोचेलच असं नाही. जंतूंना तेवढा आडोसा पुरतो.

कॅप फोडून पुन्हा रूट कॅनाल करता येतं, पण माझ्या दातात कॅपखाली खिळा रोवलेला. तो उपसताना मूळच तडकायची भीती. म्हणून दुसऱ्या टोकाने जायचं ठरलं. गीतेतल्या अश्वत्थासारखं वरच्या दाताचं मूळ वर असतं. भूल दिली. ‘दुखलं तर डावा हात वर करा,’ बाई म्हणाल्या. हिरडीचा पडदा उचलला, हाडात छोटीशी खिडकी पाडली. दुखलं काहीच नाही. पण ड्रिलचा आवाज कानांनी नव्हे, कवटीने ऐकू येत होता. सडका भाग खरवडून काढला आणि मुळाचं टोक कापलं, तीन मिलिमीटर. बहुतेक फाटे तेवढ्यातच असतात. उरलेल्या मुळात तिकडूनच खड्डा कोरून त्यात एमटीए भरलं.

हे एमटीए म्हणजे मुळात पोर्टलँड सिमेंट, इमारतींना वापरतात त्याच जातीचं, शुद्ध केलेलं. एक्स-रेत दिसावं म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड घालतात. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात तोराबिनेजाद आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ते दातांसाठी पुढे आणलं. ओल असली तरी ते बिघडत नाही, उलट ओलीनेच घट्ट होतं. जिथे रक्त पुरतं टिपता येत नाही तिथे याहून सोयीचं काय?

पुढे सुजलेला ओठ, बर्फ, गार पेज, आणि जिभेला सारखी खुपणारी टाक्यांची काळी टोकं. मेहुणे येऊन म्हणाले, ‘कशाला एवढा उपद्व्याप? मेलेला दात तो. काढायचा, इम्प्लांट बसवायचं.’

मेलेला, हे खरं. आतली शीर कधीच गेली. पण मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा, आणि तो जिवंत असतो. भातातला खडा दाताखाली आला की जबडा दचकून थांबतो, तो बराचसा त्याच्या सांगण्यावरून. दाताची नस काढली तरी हे भान राहतं. इम्प्लांटचा स्क्रू थेट हाडाला चिकटतो, हा थर तिथे नसतो. मूळ उभं चिरलेलं असतं तर मीही दात निमूटपणे काढून घेतला असता. तिथे शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. पण धड मूळ निव्वळ कटकट नको म्हणून उपटायचं, हे मला पटत नाही.

हाड मात्र आपल्या सवडीने भरतं, कडेकडेने आत. ताज्या एक्स-रेत डाग लहान झालाय, गेलेला नाही. ‘वर्षाने पुन्हा बघू,’ बाई म्हणाल्या. मेहुण्यांचा फोन आला, ‘मग, वाचला का?’ म्हटलं, निकाल राखून ठेवलाय. तोवर कणीस दाण्यादाण्याने सोलून खातोय.